जिन्याखालची जागा

एखाद्या जुन्या कॉलेजची शताब्दी आली, किंवा ‘नॅक’ची समिती येणार असं कळलं, की सगळ्यांचं लक्ष पहिल्यांदा इमारतीकडे जातं. दगडी भिंती धुऊन निघतात, कमानींवर दिवे लागतात, ग्रंथालयाच्या छपराची वर्षानुवर्षं रखडलेली गळती पंधरा दिवसांत थांबते. मग अहवालात सोयीसुविधांचं प्रकरण येतं. वर्गखोल्या इतक्या, प्रयोगशाळा इतक्या, मुलींसाठी लेडीज रूम आहे, वसतिगृह आहे, रॅम्प आहे, कॅन्टीन आहे. कामाच्या निमित्ताने असे बरेच अहवाल माझ्या हातून गेले आहेत. हे सगळं रोज झाडून-पुसून ठेवणाऱ्या बायका कपडे कुठे बदलतात, डबा कुठे खातात, पाळी आली तर कुठे जातात, याचा रकाना मला त्यांतल्या एकाही अहवालात सापडलेला नाही.

मी शहरातल्या कंत्राटी सफाई कामगार बायकांबरोबर काम करते. आमच्या गटातल्या काही जणी शंभरी ओलांडलेल्या एका कॉलेजात कामाला आहेत. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की बाकीची कॉलेजं सुटकेचा श्वास टाकतील. इमारत फार देखणी आहे. काळा दगड, उंच खिडक्या, सागवानी कठडे, आणि मधोमध रुंद लाकडी जिना. येणारा पाहुणा या जिन्यावर उभा राहून फोटो काढून घेतो. त्याच जिन्याच्या खाली एक तिरकी जागा आहे. तिथे फिनेलचे कॅन, खराटे, बादल्या आणि मोडके बाक ठेवलेले असतात. सकाळी साडेसहाला आलेल्या बायका तिथेच साडी बदलून कंत्राटदाराचा गणवेश घालतात. दार नाही. मागच्या कुठल्या तरी स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स अडकवला आहे आणि एकजण बाहेर पहारा देते. अकराच्या सुमारास तिथेच बादली उपडी घालून डबा खातात. वरून मुलं जिना चढत-उतरत असतात आणि फळ्यांच्या फटींतून माती डब्यात पडते.

संडासाची गोष्ट आणखी मजेची आहे. (मजेची म्हणावं लागतं, नाहीतर संतापाने लिहिणंच होणार नाही.) इमारतीतले सगळे संडास या बायका दिवसातून दोनदा धुतात. पण लेडीज रूममधला संडास वापरायची त्यांना परवानगी नाही. स्टाफचा तर नाहीच नाही. त्यांच्यासाठी मागच्या आवारात एक आहे. त्याला आतून कडी नाही आणि दुपारनंतर पाणी नाही. परिणाम काय, तर आमच्या गटातल्या निम्म्याअधिक बायका कामावर पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची तक्रार आमच्या बैठकीत इतकी नेहमीची झाली आहे, की आता कुणी ती तक्रार म्हणून मांडतही नाही.

याच कॉलेजात स्त्री-अभ्यास केंद्र आहे. आठ मार्चला मोठा कार्यक्रम होतो. मी हे टोमणा मारण्यासाठी सांगत नाही. स्त्रियांच्या शिक्षणाची जागा आणि स्त्रियांच्या कष्टाची जागा एकाच छपराखाली असून एकमेकींना दिसत नाही, ही गोष्ट आजची नाही आणि फक्त आपल्याकडचीही नाही. म्हणून थोडं दूर, अमेरिकेत जाऊन येऊ.

फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर नावाचं स्त्रियांचं कॉलेज आहे. ते सुरू झालं १८८५ साली, म्हणजे आपल्या पुण्यात फर्ग्युसन सुरू झालं त्याच वर्षी. त्यानंतर काही महिन्यांनी, ११ मार्च १८८६ रोजी, त्याच फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. अमेरिकेतल्या बायका काय काय मिळवताहेत, ते रमाबाईंनी पुढे १८८९ साली मराठीत पुस्तक लिहून आपल्या बायकांना सांगितलं. त्या काळी तिकडे स्त्रियांची नवी कॉलेजं उभी राहत होती, आणि प्रत्येकीच्या इमारतीमागे बाईविषयीची काहीतरी एक कल्पना होती. मेरी लायन यांनी १८३७ साली माउंट होल्योक काढलं, तेव्हा एकाच मोठ्या इमारतीत शाळा, निजायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर होतं, आणि रांधणं-झाडणं विद्यार्थिनी आळीपाळीने करत. फी कमी ठेवायची तर दुसरा उपाय नव्हता. आपल्या हिंगण्याच्या आश्रमात किंवा केडगावच्या मुक्तिसदनात बायकांनीच सगळं उचललं, त्याच्याशी हे जुळणारं आहे. १८७५ साली सुरू झालेल्या स्मिथ कॉलेजने वेगळं केलं. एक अवाढव्य इमारत नको, मुली घरगुती वळणातून निसटतील, म्हणून छोटी छोटी घरं बांधली.

ब्रिन मॉरला या दोन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. तिथल्या पहिल्या डीन आणि १८९४पासून १९२२पर्यंत अध्यक्ष होत्या एम. केरी थॉमस. ही बाई जिद्दीची. जर्मनीत शिकली, पण बाई म्हणून तिथे डॉक्टरेट देईनात, तेव्हा झुरिकला जाऊन १८८२ साली ती मिळवली. मुलींनी पुरुषांच्या तोडीचं ज्ञान मिळवायचं तर त्यांच्या डोक्यावरून चूल आणि केरसुणी उतरली पाहिजे, प्रत्येकीला अभ्यासाला खोली पाहिजे, दार लावून बसता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी कोप आणि स्टुअर्डसन या वास्तुकारांकडून डेन्बी, पेम्ब्रोक यांसारखी दगडी वसतिगृहं आणि पुढे १९०७मध्ये मोठं ग्रंथालय उभारून घेतलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवरच्या कमानी, बुरूज, ग्रंथालयाच्या मधोमध ओवऱ्यांचा चौक. गंमत म्हणजे याच वास्तुकारांनी ही शैली नंतर प्रिन्स्टनला नेली. म्हणजे पुरुषांच्या विद्यापीठाच्या ज्या इमारतींना आज लोक भारदस्त म्हणतात, त्यांची तालीम आधी बायकांच्या कॉलेजात झाली होती! या ग्रंथालयाच्या चौकातच थोर गणिती एमी नोएदर यांच्या अस्थी आहेत. नाझींनी जर्मनीत शिकवणं बंद केल्यावर १९३३ साली त्या ब्रिन मॉरला आल्या आणि १९३५मध्ये वारल्या.

आता प्रश्न असा, की विद्यार्थिनींच्या डोक्यावरून उतरलेली केरसुणी गेली कुठे? ती गेली दुसऱ्या बायकांच्या हातात. त्यांत काळ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या वसतिगृहांतच कामाला राहायच्या. त्यांच्या खोल्या वेगळ्या, त्यांचे जिने वेगळे, जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे. म्हणजे हे सगळं आराखड्यातच होतं. दार लावून अभ्यास करायची खोली जितक्या विचारपूर्वक आखली, तितक्याच विचारपूर्वक तिची झाडलोट करणारी बाई दिसणार नाही अशी सोयही आखली. याच कॉलेजातून पदवी घेणारी पहिली काळी विद्यार्थिनी एनिड कुक १९३१ साली बाहेर पडली. तिला वसतिगृहात राहू दिलं नव्हतं. म्हणजे काळी बाई त्या इमारतीत राहू शकत होती, पण मोलकरीण म्हणून. विद्यार्थिनी म्हणून नाही. आपल्याकडे हे वाक्य समजावून सांगायची गरज पडू नये. कोणत्या जातीची बाई माजघरापर्यंत येईल आणि कोणती मागच्या दाराने संडास साफ करायला येईल, ही आखणी आपल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती. आजही आमच्या गटातल्या जवळजवळ सगळ्या बायका दलित आहेत. कंत्राटाच्या निविदेत जात लिहिलेली नसते, पण हजेरीपटावर ती वाचता येते.

थॉमसबाई वंशश्रेष्ठत्वाच्या गोष्टी उघड बोलत. १९१६ साली कॉलेज उघडतानाच्या भाषणातही त्या तसं बोलल्या. पुढे, २०१८ साली, कॉलेजने त्या ग्रंथालयाला त्यांच्या नावाने ओळखायचं नाही असं ठरवलं. मला स्वतःला नाव काढण्याच्या चर्चेत फार रस नाही. नाव काढायला एक ठराव पुरतो. त्या बाईंचं मोठेपण आणि तिचा आंधळेपणा एकाच दगडात बांधलेले आहेत आणि ते वेगळे काढता येत नाहीत. मुलींना वेळ पाहिजे हे तिला नेमकं कळलं होतं. तो वेळ कुणाच्या अंगावरून येतो, हा हिशेब तिने मांडला नाही.

पण त्याच थॉमसबाईंनी निवृत्त होता होता एक काम केलं, आणि मला ते सांगायचं आहे, कारण आमच्या कॉलेजकडे आम्ही जे मागतो आहोत त्याचं मूळ तिथे आहे. सुटीत कॉलेजच्या इमारती रिकाम्या पडतात, तर तिथे कारखान्यांतल्या कामगार बायकांना आणून शिकवावं, ही कल्पना त्यांनी मांडली. (ती सहारा वाळवंटाच्या प्रवासात सुचली, असं त्या सांगत.) १९२१च्या उन्हाळ्यात ‘ब्रिन मॉर समर स्कूल फॉर विमेन वर्कर्स’ सुरू झालं. हिल्डा स्मिथ संचालक होत्या. आठ आठवडे, सुमारे शंभर बायका, शिवणकारखान्यांतल्या, गिरण्यांतल्या. फार तर प्राथमिक शाळा झालेल्या. त्या त्याच दगडी वसतिगृहांत राहिल्या, त्याच वर्गांत अर्थशास्त्र, इतिहास, साहित्य शिकल्या. खर्च शिष्यवृत्तीतून. १९२६पासून काळ्या कामगार बायकांनाही तिथे घेतलं, म्हणजे एनिड कुकला पदवी मिळायच्या पाच वर्षं आधी काळ्या बायका त्या आवारात विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या. कामगार बायका अर्थशास्त्र शिकल्या, की संपाविषयीही बोलणार हे उघडच आहे. पुढे कॉलेजच्या विश्वस्तांचं आणि शाळेचं बिनसलं, आणि १९३८नंतर ही शाळा आवाराबाहेर गेली. सतरा-अठरा वर्षं तरी त्या इमारतींचा तसा उपयोग झाला.

माझ्या पेशाचाही या कॉलेजशी संबंध आहे. तिथे १९१५ साली समाजअर्थशास्त्र आणि समाजसंशोधनाचा विभाग निघाला तो कॅरोला वोरिशोफर या माजी विद्यार्थिनीने मागे ठेवलेल्या पैशातून. ही श्रीमंत घरातली मुलगी. कामगार बायकांची स्थिती समजावी म्हणून न्यूयॉर्कच्या धोबीखान्यांत स्वतः कामाला राहिली, आणि १९११ साली मजुरांच्या छावण्या तपासत फिरताना अपघातात गेली. आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला क्षेत्रकार्य शिकवतात, वस्तीत पाठवतात, गावात पाठवतात. पण आमच्या स्वतःच्या वर्गाचा केर कोण काढतं, तिचा पगार किती, तिची सुटी कोण मंजूर करतं, हे क्षेत्रकार्य म्हणून कुणी कधी दिलं नाही. वस्ती नेहमी बसने जायच्या अंतरावर असते!

२०२५ साली ब्रिन मॉरच्या त्या ग्रंथालयाच्या चौकात एक नवं काम पूर्ण झालं. नेकिशा ड्युरेट या काळ्या कलावतीने वेणीसारखी गुंफलेली एक पायवाट तयार केली आहे. तिच्या फरश्या कॉलेजच्याच मातीच्या. ती माती काळ्या विद्यार्थिनींसाठी असलेल्या जुन्या पेरी हाउसच्या जागेतून आणली होती. त्यांतल्या अडीचशेच्या आसपास फरश्यांवर तिथे राबलेल्या काळ्या कामगारांची नावं कोरली आहेत. हे आपोआप घडलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी विद्यार्थिनींनीच जुनी कागदपत्रं उकरून, आवारातून लोकांना हिंडवून ‘इथे कोण राबलं’ हे सांगायला सुरुवात केली होती.

नावांवरून आठवलं. आपल्याकडे कॉलेजात या बायकांना सगळे ‘मावशी’ म्हणतात. त्यात प्रेम असतं हे खरं. पण मी एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारलं, तुमच्या मजल्यावरच्या मावशींचं नाव काय? वर्गात शांतता. फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकर ज्या खोलीत राहिले ती खोली जपून ठेवली आहे. मोठी माणसं कुठे राहिली, कुठल्या बाकावर बसली, हे जुनी कॉलेजं नीट लक्षात ठेवतात. म्हणजे लक्षात ठेवायची पद्धत आहे, फक्त ती सगळ्यांना लावत नाहीत.

आम्ही त्या कॉलेजच्या प्राचार्यबाईंना भेटलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. मग दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, या बायका कंत्राटदाराच्या आहेत, कॉलेजच्या नाहीत. दुसरी, इमारत हेरिटेज यादीत आहे, तिथे खिळाही ठोकता येत नाही.

दुसरी गोष्ट आधी घेते, कारण ती सोपी आहे. त्याच हेरिटेज भिंतींवर वातानुकूलन यंत्रांचे डबे लटकलेले आहेत, कॅमेऱ्यांसाठी भोकं पाडलेली आहेत, आणि व्हरांड्याचा एक तुकडा प्लायवूडने बंद करून परीक्षा विभाग केला आहे. जिन्याखाली लाकडी दार आणि आतून कडी लावल्याने वारसा बुडत असेल, तर तो आधीच बुडालेला आहे.

पहिली गोष्ट मात्र कायद्याची आहे आणि नीट समजून घ्यायला हवी. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात पिण्याचं पाणी, संडास, धुण्याची जागा, प्रथमोपचार या सोयी कंत्राटदाराने द्यायच्या होत्या, आणि त्याने दिल्या नाहीत तर मुख्य मालकाने देऊन खर्च वसूल करायचा होता. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात या सोयींची जबाबदारी थेट मुख्य मालकावर टाकली आहे. ऐकायला बरं वाटतं. पण कंत्राटी कामगारांचं ते प्रकरण पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होतं. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा वीस होता. एका कॉलेजात सफाई, पहारा, बाग सगळं धरून पन्नास कंत्राटी माणसं क्वचितच भरतात. म्हणजे कायद्याने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. तरीही ‘त्या आमच्या नाहीत’ हे उत्तर टिकत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कंत्राटदारामार्फत आलेली बाईही कर्मचारीच आहे. कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तिला दाद मागता येते. त्या समितीचा फलक इंग्रजीत आहे आणि प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावला आहे, जिथे या बायका फक्त फरशी पुसायला, मान खाली घालून जातात. तो फलक मराठीत, जिन्याखालच्या जागेपाशी लावायला कोणत्या संहितेची वाट पाहायची आहे?

आमच्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, की कडी आणि खुंटी मागत बसण्यापेक्षा कंत्राट पद्धतच रद्द करा म्हणून लढा. बरोबर आहे. ती मागणी आहेच, आणि ती सोडायची नाही. पण ती मिळेपर्यंत अकरा वाजता डबा खायचाच असतो. आणि माझा अनुभव असा, की ज्या बायकांना आधी हक्काची खोली मिळाली, त्यांच्यात बैठक घेणं सोपं गेलं. एकत्र बसायलाच जागा नसेल तर संघटना कुठे करायची? मालक मंडळींना हे आपल्याआधी कळलेलं असावं.

म्हणून आम्ही प्राचार्यबाईंना लेखी दिलं आहे. बायकांसाठी दार आणि कडी असलेली एक खोली, आत पंखा, बसायला बाक, सामान ठेवायला कुलुपाची कपाटं. लेडीज रूममधला संडास सगळ्या बायकांसाठी खुला. समितीचा फलक मराठीत. कॉलेजच्या इतिहासाचा जो ग्रंथ निघणार आहे त्यात कामगारांची नावं, निवृत्त झालेल्यांचीही. आणि शेवटची मागणी, जिच्यावर त्या जरा हसल्या : मे महिन्यात वर्ग रिकामे असतात, तेव्हा शहरातल्या कामगार बायकांसाठी तिथे वर्ग भरवू द्या. साक्षरता तर हवीच, पण तेवढंच नाही. पगाराची पावती कशी वाचायची, भविष्य निर्वाह निधी म्हणजे काय, आणि ज्यांना हवी त्यांना कविताही. शिकवायला आम्ही माणसं आणू, कॉलेजने फक्त वीज-पाणी आणि शिपाई द्यावा. ‘बायका येतील का हो?’ असं त्यांनी विचारलं. आमच्या गटातल्या एका मावशींनी तिथल्या तिथे सांगितलं, ‘बाई, अठरा वर्षं रोज येतेय की. फक्त बसले नाही कधी.’

जूनमध्ये सफाईचं नवं कंत्राट निघेल. त्याच्या अटींत खोली आणि संडासाचं कलम लिहून घ्यायचं, हे सध्याचं काम आहे. तुमच्या गावात जुनं कॉलेज असेल, तुम्ही तिथे शिकला असाल किंवा शिकवत असाल, तर एकदा सकाळी सातच्या आधी जाऊन पाहा. जिन्याखाली काय आहे, मागच्या संडासाला कडी आहे का, आणि तिथल्या बायकांची नावं काय, हे आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकापर्यंत निदान दहा-बारा कॉलेजांची माहिती हाताशी आली, तर प्राचार्यबाईंसमोर पुन्हा बसताना आम्ही एकट्या कॉलेजची गोष्ट घेऊन बसणार नाही.